कडी आतून होती

‘त्याला तुम्ही मारलंत, आणि खोटेपणाचा आळ मात्र माझ्यावर घेता. माझ्या गोष्टीत कुणी मेलेलं नव्हतं. तुम्ही ती वाचलीच नाहीत. न वाचता काढून टाकलीत.’

एवढं लिहून तिचा अंगठा थांबला. नखात गुलाबी मेण अडकलं होतं, त्याचा ओशट डाग फोनच्या काचेवर उठला होता. समोर बाकावर नऊ जबडे ओळीनं मांडलेले, प्लास्टरचे, पांढरेफटक, प्रत्येकाखाली नंबराची चिठ्ठी. कुणाचे वरचे दात करायचे, कुणाचे खालचे, कुणाचं सगळंच साफ. तेरा वर्षं ती कवळ्या बनवत होती आणि एकाही पेशंटचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. दवाखान्यातून ठसे यायचे, इथून दात जायचे. आज सकाळी बर्नर पेटवून ती पहिल्या जबड्याला हात घालणार तोच फोन थरथरला होता. ‘पाटी खोटी असल्याच्या तक्रारींवरून आपली गोष्ट काढून टाकण्यात आली आहे. मंडळाचा निर्णय अंतिम आहे.’ बस. दोन वाक्यं. कोण हे मंडळ? कुणी पाहिलंय? चार जण आहेत म्हणतात, कुणी म्हणतं एकच बाई आहे आणि चार नावांनी वावरते. तिनं दोनदा लिहून विचारलं. दोन्ही वेळा यंत्रानं उत्तर दिलं, की आपला निरोप पोचला, कामाचे सात दिवस धरावेत. काढायला एक रात्र पुरली. उत्तराला सात दिवस.

गोष्ट बेचाळीस पानांची होती. ती तिनं थेट मालिकेच्या चाहत्यांच्या साइटवरच्या चौकटीतच लिहिली होती, रोज थोडी थोडी, येता-जाता, कवळी थंड होईस्तोवरच्या वेळात. दुसरीकडे कुठं उतरवून ठेवावी हे सुचलंच नाही. अडाणीपणा म्हणा. शाळा तिची अकरावीला सुटली, लिहायला कुणी शिकवलं नाही, आणि ज्यांना शिकवलेलं असतं ती माणसं असल्या लिखाणाला नाकं मुरडतात हे ती ऐकून होती. दुसऱ्यानं निर्माण केलेली पात्रं घ्यायची, दुसऱ्याच्या मालिकेत आपलं घोडं दामटायचं, याला म्हणे फॅनफिक म्हणतात आणि रिकामटेकड्या बायका ते लिहितात. ती म्हणायची, म्हणू देत. ज्यांच्या घरात सगळं जागच्या जागी आहे त्यांनी खुशाल स्वतःची पात्रं निर्माण करावीत. ज्याच्या घरातलं एक माणूस जागेवर नाही तो मिळेल त्या घरात शिरतो आणि तिथं त्याला शोधतो.

मालिका दोन भावांची होती. डोंगरमाथ्यावरचं हवामानकेंद्र, आठ महिने बर्फ, आणि त्यात हे दोघं. थोरला आणि धाकटा. सगळे चाहते त्यांना एवढंच म्हणत. रोज संध्याकाळी वहीत तापमान लिहायचं, वारा लिहायचा, खालच्या गावाला कळवायचं. शेवटच्या भागात दोघांचं भांडण होतं, थोरला दार उघडून बाहेर जातो, दार मिटतं, संपलं. पाच वर्षं झाली. मालिका काढणारे दुसऱ्या कामाला लागले, नट जाडे झाले, पण या दारापाशी हजारभर माणसं अजून उभी होती. कुणी त्याला परत आणत होतं, कुणी पुरत होतं, कुणी त्याचं खालच्या गावात लग्न लावून दिलं होतं. त्यांचे त्यांचे कायदे होते. गोष्टीवर आधी पाटी लावायची, आत काय दुखेल ते सांगणारी: यात मृत्यू आहे, यात आजार आहे, यात मारहाण आहे. ज्याला सोसत नसेल त्यानं पाटी वाचून मागे फिरावं. वाचून झाल्यावर वाचकांनी रुमाल द्यायचे, एकापासून पाचापर्यंत. पाच रुमालांची गोष्ट म्हणजे दुसऱ्या दिवशी डोळे सुजून कामावर जायचं. आणि मोठी गोष्ट असेल तर रविवारी दुपारी चारला सगळ्यांनी मिळून वाचायची, पानागणिक जे वाटेल ते लिहायचं. त्या वाचनाचा एकच नियम होता आणि तो कडक होता. शेवटचं पान होईपर्यंत लेखकानं तोंड उघडायचं नाही. मागे एकीनं म्हणे ओळ न् ओळ समजावून सांगत गोष्टीचा जीव घेतला होता, तेव्हापासूनचा नियम. तिथं तिचं नाव कवळीवाली. लोकांना ती सत्तरीची म्हातारी वाटायची. ती अडतीसची होती. तिनं खोडून काढलं नाही, म्हाताऱ्या माणसाला लोक जरा दबून असतात.

तिनं थोरल्याला परत आणला नाही, मारलाही नाही. तिच्या गोष्टीत धाकटा फक्त मागे राहतो. थोरल्याचे जादा बूट शेगडीपाशी वाळत ठेवतो, नाड्या सैल करून, आल्या आल्या पाय घालता यावेत म्हणून. एका माणसाचा स्वयंपाक त्याला जमत नाही, रोज उरतो. आणि रोज संध्याकाळी वहीत तापमान, वारा लिहून झाल्यावर तिसरी नोंद करतो: दार उघडं. बेचाळीस पानं एवढंच. वर तिनं पाटी लावली होती, ‘यात कुणी मरत नाही.’ ती खोटी कशी? तिचा स्वतःचा दादा जाऊन चौदा वर्षं झाली होती, दोन वर्षांनी त्याचं एक पत्र आलं होतं, पत्ता नसलेलं, बरा आहे शोधू नका एवढंच, आणि नंतर काही नाही. म्हणून काय तो मेला? आई जाईस्तोवर कुणी विचारलं की सांगायची, मोठा बाहेरगावी असतो. आता ती सांगायची. बाहेरगाव म्हणजे केवढं मोठं गाव, त्यात कोणीही मावतं.

कालचा रविवार तिला आता तासातासानं आठवत होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन उभा करून ती बसली होती, एकसष्ट जण जमले होते. पलीकडच्या खोलीत बाबा खुर्चीत. आठ दिवसांपूर्वी दात घासताना त्यांची वरची कवळी हातातून निसटली, बेसिनवर आपटली आणि मधोमध तडकून दोन तुकडे झाली. तेव्हापासून बाबांनी बोलणं बंद ठेवलं होतं. बिनदातांचं कुणासमोर, पोटच्या पोरीसमोरसुद्धा, तोंड उघडायचं नाही ही त्यांची ऐट. रुमाल तोंडाशी धरून बसायचे आणि काही हवं असलं की जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून पुढं सरकवायचे. ‘पंखा.’ ‘चहा कोमट.’ अक्षर अजून छापल्यासारखं. सगळी उमर वजनमापं तपासण्यात गेली होती त्यांची. दुकानोदुकानी जाऊन तराजू बघायचा, खोटं वजन धरायचं, शिक्का मारायचा. या माणसानं जन्मात खोटं माप सहन केलं नाही, असं निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले होते, आणि ते खरंच होतं. कवळीचे दोन तुकडे तिनं कागदात गुंडाळून दुसऱ्याच दिवशी कामावर आणले होते. तासाभराचं काम. आठ दिवस ते बाकाच्या खणात पडून होते. दिव्याखाली अंधार म्हणावं, तर तो अंधार तिनंच जपला होता. घर इतकं शांत कधी नव्हतं. त्या शांततेत तिनं शेवटची पंधरा पानं लिहिली.

‘पान तीन. नाड्या सैल करून ठेवल्यात यानं. झालं, माझं आवरलं.’ ‘पान पाच. कवळीवाली, तुझं भलं होणार नाही.’ ‘पान सहा. घरचे विचारतायत काय झालं. म्हटलं कांदा चिरतेय. हातात फोन, कांदा कुठाय.’ असं चाललं होतं. ती वाचत होती, हसत होती. आयुष्यात तिचं बोलणं एवढी माणसं एकदम कधी ऐकत बसली नव्हती. ही माणसं मूर्ख नव्हती. कुणी रात्रपाळीची नर्स होती, कुणी बस चालवत होतं, एक जण बायको गेल्यापासून फक्त इथंच बोलायचा. अनोळखी माणसाच्या बुटांसाठी रडायला मोठं काळीज लागतं, आणि हे लोक ते दर रविवारी काढून टेबलावर ठेवायचे. पान एकोणिसावर धाकटा, थोरला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ लोटायला दार उघडतो, आणि पायरीवर थोरल्याचा पत्र्याचा मग असतो. जाताना थोरल्याच्या पट्ट्याला अडकवलेला असतो तो, मालिकेत स्पष्ट दिसतो. धाकटा तो मग उचलतो, पुसतो, खुंटीला लावतो. तिनं ते दोनच ओळींत लिहिलं होतं, पुढं सरकली होती. आणि तिथं, आतापर्यंत गप्प असलेला कुणीतरी उमटला. नाव नव्हतं, नुसतं ‘पाहुणा’. 

‘तो पत्र्याचा मग पायरीवर आला, म्हणजे थोरला परत आला होता. आत आला नाही, म्हणजे दाराला आतून कडी होती. धाकट्याला हे माहीत नाही, की माहीत आहे?’

तिनं उत्तर लिहायला बोट टेकवलं आणि उचललं. लेखकानं तोंड उघडायचं नाही. तेवीस पानं अजून बाकी होती. खाली झुंबड उडाली. ‘कडी? कुठली कडी? रोज दार उघडं लिहितोय ना तो.’ ‘अरे देवा, म्हणजे रोज खोटं लिहितोय.’ ‘म्हणजे तो दारात गोठला.’ ‘पाटीवर तर कुणी मरत नाही म्हटलंय.’ ‘पाटी खोटी आहे. मी असल्या गोष्टी वाचत नाही, माझा भाऊ असाच गेलाय, मला सांगायला हवं होतं.’ हे शेवटचं लिहिणारी मुलगी नेहमी येणारी होती, चिमणी नावाची, आणि ती त्यानंतर निघून गेली. कवळीवाली नियम पाळत बसून राहिली. तिच्या डोळ्यांदेखत एकसष्ट माणसांनी थोरल्याला दारात मारला आणि ती हाताची घडी घालून बघत राहिली. शेवटचं पान झालं तेव्हा पाहुणा केव्हाच गेलेला होता. पाच-पाच रुमाल पडत होते आणि शिव्याही. तिनं पाहुण्याला लिहिलं, ‘तुम्ही कोण?’ सकाळी ते खोडलं गेलं, बेचाळीस पानांसकट.

दुपारच्या सुट्टीत पॉलिशवाली आपला डबा घेऊन तिच्या बाकापाशी आली. ती चाकावर कवळ्या चमकवायची, अंगभर पांढरी पूड, भुवयासुद्धा पांढऱ्या. मालिकेचं वेड तिनंच हिला लावलं होतं, आई गेली त्या वर्षी, जीव रमव म्हणून.

“ताई, मंडळाशी भांडू नकोस. भिंतीला डोकं आपटून भिंतीला खोक पडत नाही.”

“मग काय करू? आरती ओवाळू त्यांची?”

“पाटी बदल. लिही, यात मृत्यू आहे. परत टाक. सात रुमाल मिळतील.”

“पाचच असतात.”

“तुझ्यासाठी वाढवतील.” ती घास तोंडात ठेवून तशीच थांबली. “पण मेला ना गं तो? खरं सांग. मला तर एकविसाव्या पानापासून रडू आवरेना.”

“नाही मेला.”

“अगं बर्फात, अंगावर एक कोट, आतून कडी...”

“कडीचं मी लिहिलंय का कुठं? दाखव.” तिचा आवाज चढला. शेजारच्या बाकावरचे दोघं वळून बघायला लागले. “तो पाहुणा म्हणाला. कोण कुठला. त्याला काय माहीत?”

“त्याला कशाला माहीत असायला हवं? आपल्याकडे एकानं थोरला मुळात जन्मलाच नाही असं सिद्ध केलंय, चौतीस पुरावे देऊन. पाहुण्यानं तुझंच वाचलं आणि सांगितलं. मग तूच ठेवलास ना पायरीवर? पट्ट्याला लावून गेलेला मग आपला आपण चालत येतो का?” पॉलिशवालीनं बोटं चाटली. “मी तर म्हटलं, ताईनं काय गुपचूप पेरलंय. तुला ठाऊक नव्हतं होय?”

तिनं समोरचे जबडे उगाच सरळ केले. रात्रभर तिच्या मनात एकच गोष्ट होती, जी तिनं स्वतःलासुद्धा धडपणे सांगितली नव्हती: की पाहुणा म्हणजे दादा. कुठल्याशा शहरात, कुठल्याशा खोलीत, चाळिशी उलटलेला दादा फोन घेऊन बसलाय, आणि त्यानं ओळखलं. म्हणून मंडळावर तिचा एवढा जळफळाट होता. गोष्ट गेली तर गेली, पुन्हा लिहीन. तो पाहुणा कुठून आला होता ते फक्त त्यांना कळू शकतं आणि ते बसलेत सात दिवस मोजत. आता पॉलिशवालीच्या दोन वाक्यांनी तो दादा विझला. पाहुणा कुणीही असू शकत होता. नीट वाचणारा कुणीही. आणि मग जे उरलं ते जास्त वाईट होतं. तो मग तिनंच ठेवला होता. का ठेवला?

ती खण उघडून बसली. कागद उलगडला. बाबांची वरची कवळी, तिनंच सात वर्षांपूर्वी केलेली, ओळखीच्या माणसासाठी केलेली एकुलती एक. दोन्ही तुकडे तिनं कडेला कड लावून धरले. तडा स्वच्छ होता, कण न् कण जुळत होता. बर्नरवर मेणाची कांडी धरून तिनं थेंब पाडला, तुकडे चिकटवले, आतल्या बाजूला प्लास्टर ओतलं आणि ते घट्ट व्हायची वाट बघत बसली. हात असे कामाला लागले की डोकं मोकाट सुटायचं. पायरीवरचा पत्र्याचा मग नाही. डबा. तो डबा होता.

चार महिने दादा रोज सकाळी डबा घेऊन निघत होता आणि कामावर जात नव्हता. नोकरी बाबांच्याच खात्यातली, बाबांच्या शब्दावर मिळालेली, आणि त्यानं ती कुणाला न सांगता सोडली होती. दिवसभर बागेत बसायचा, तिथंच डबा खायचा, बागेच्या नळावर स्वच्छ धुवायचा आणि सहाला घरी यायचा. आई कौतुकानं सांगायची, माझा पोरगा डबा घासून आणतो. बाबांना कचेरीतल्या जुन्या सोबत्यानं सांगितलं तेव्हा ते भर दुपारी घरी आले आणि सहा वाजेपर्यंत एक शब्द न बोलता बसून राहिले. दादा आला. बाबांनी त्याच्यावर हात उगारला नाही, ते ओरडले नाहीत. म्हणाले, “चार महिने या घरात खोटं वजन ठेवलंस तू.” दादा म्हणाला, “मला ते काम जमत नाही हो, बाबा. दुकानदाराच्या डोळ्यांत बघवत नाही.” बाबा म्हणाले, “जमत नाही हे सांगायला जीभ नव्हती?” त्यावर दादा काहीतरी म्हणाला, इतक्या हळू की तिला ऐकू आलं नाही, आणि पिशवी खांद्याला होती तशीच घेऊन निघाला. डबा पिशवीत होता. आईनं कपाळावर हात मारून घेतला नाही की रडली नाही. म्हणाली, आज या घरात मला घास गिळायचा नाही, मला माझ्या बहिणीकडे पोचव. म्हणून ती आईला घेऊन मावशीकडे गेली. निघताना दार तिनंच ओढून घेतलं. पायपुसणं तिरकं झालं होतं ते पायानं सरळ केलं.

पायपुसण्यावर काही नव्हतं.

प्लास्टर घट्ट झालं होतं. तिनं कवळी सोडवली, तड्याच्या दोन्ही कडा चाकावर खरवडून रुंद केल्या. तडा सांधायचा तर आधी मोठा करावा लागतो, नवीन माणसाला हे पटत नाही, तो वरून लिंपायला बघतो. कवळी परत प्लास्टरवर बसवली, गुलाबी पूड भरली, वर द्रव सोडला. उग्र वास नाकात गेला. दादा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या मायलेकी मावशीकडून परतल्या तेव्हा पायपुसण्यावर डबा होता. आईनं उचलला, झाकण काढून पाहिलं. आतून धुतलेला, कोरडा. आईनं तो छातीशी धरला आणि दार वाजवलं. ‘जाताना ठेवून गेला असेल,’ बाबा म्हणाले आणि तेच पुढं घरात ठरून गेलं. जाताना कसा ठेवला असेल? जाताना पायपुसणं रिकामं होतं, तिच्या पायाला माहीत होतं. पायाला चौदा वर्षं माहीत होतं आणि डोक्याला कुणी विचारलं नाही.

एवढ्यावर ती थांबली असती. माणूस थांबतो. पण द्रव पुडीत मुरत होता, गुलाबी रंग गडद होत होता, आणि त्या सकाळचा एक आवाज तिच्या कानात वर आला. आईनं दार वाजवलं. आत पावलं आली. मग खट्. मग लोखंड लोखंडावरून सरकल्याचा तो कुरकुरणारा आवाज; त्या कडीला तेल कधी कुणी घातलंच नाही. मग दार उघडलं, आणि दारात बाबा, दाढी वाढलेली, डोळे लाल. ते म्हणाले, “दार उघडंच ठेवलं होतं रात्रभर. आला नाही.” दोघींनी ते ऐकलं. कडी सरकल्याला अजून एक श्वास झाला नव्हता. आईनं मान हलवली. तिनंही हलवली. त्यानंतर नातलगांत, शेजारात, मावशीकडे, आईच्या आजारपणात, हजार वेळा ते वाक्य बोललं गेलं. दार उघडंच होतं, त्यालाच यायचं नव्हतं. ती स्वतः किती वेळा बोलली असेल. शेवटी बेचाळीस पानांत रोज संध्याकाळी धाकट्याच्या हातानं वहीत लिहिलं. दार उघडं. दार उघडं. आणि त्याच हातानं पायरीवर मग ठेवला. पाहुण्यानं विचारलं होतं, माहीत नाही की माहीत आहे. मंडळाचं म्हणणं होतं पाटी खोटी आहे. च्यायला, बरोबर होतं मंडळ. कारण चुकीचं, पण ‘दार उघडं’ ही पाटी खोटीच होती.

पॉलिशवालीनं कवळी चाकाला लावली. “कुणाची गं ही? नंबर नाही.”

“बाबांची.”

“अगंबाई, आठ दिवस ठेवलीस? आणि ते जेवतात कसे?”

“दुधात पाव भिजवून.”

“दुष्ट आहेस हं.” पॉलिशवाली हसत म्हणाली. चाक घरघरत होतं, पांढरी पूड उडत होती. तिनं कवळी पुढं केली तेव्हा तडा कुठं होता ते शोधूनही सापडलं नसतं. फक्त तिला दिसत होता, नवीन गुलाबी जरा ताजा होता.

बसमध्ये तिनं फोन काढला. मंडळाला लिहिलेली चार वाक्यं तशीच पडून होती. त्याला तुम्ही मारलंत. न वाचता काढून टाकलीत. तिनं ती पुन्हा वाचली आणि तिला कळलं, की हे पत्र चौदा वर्षं उशिरा लिहिलंय आणि पत्ता चुकलाय. ज्यांना तोंड नाही, नाव नाही, त्यांच्यावर ती सकाळपासून आग पाखडत होती. ते सोपं होतं. तिनं ते पाठवलं नाही, खोडलंही नाही. खिडकीबाहेर दुकानं बंद होत होती, खालच्या फळकुटापर्यंत शटरं येत होती, आणि तिला एकाएकी बाबांचं तरुणपण आठवलं, एका हातात दादाचं बोट, एका हातात तिचं, रविवारी ते दुकानातल्या तराजूपुढं उभे राहून समजावत, काटा मध्ये आला तरी लगेच बोलायचं नाही, त्याला थांबू द्यायचा. काटा खरा कुठं थांबतो ते बघायचं. या माणसावर तिचं प्रेम होतं. तीच तर अडचण होती. प्रेम नसतं तर हा प्रश्न तिनं तेव्हाच दारात विचारला असता.

घरी बाबा टेबलापाशीच होते. समोर वाडगा, भिजून लगदा झालेला पाव. तिला पाहून त्यांनी रुमाल तोंडाशी नेला आणि कॅलेंडरचं पान पुढं सरकवलं. ‘उशीर?’ तिनं पर्स ठेवली, हात धुतले, पाण्यात घातलेल्या कवळीची डबी काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या डोळ्यांत लहान पोरासारखा आनंद चमकला, हात पुढं आला. तिनं डबीवरचा हात उचलला नाही.

“बाबा, थांबा जरा. दादा गेला त्या दिवशी आम्ही दोघी त्याच्यानंतर निघालो. पायपुसण्यावर डबा नव्हता. सकाळी होता.”

त्यांचा हात टेबलावर होता तिथंच राहिला. मग त्यांनी पेन्सिल उचलली.

“लिहू नका,” ती म्हणाली. “लिहून मी पण खूप पाहिलंय. बोला.”

त्यांनी रुमालाकडे बोट दाखवलं, तोंडाकडे दाखवलं. गालफडं आत गेलेली, ओठ आत मुडपलेले. म्हातारा माणूस. ऐंशीला आलेला. पण तिनं माघार घेतली नाही, कारण आज थांबली तर पुन्हा चौदा वर्षं जातील आणि तेवढी यांच्याकडे नाहीत.

“म्हणून तर आणलीय,” ती म्हणाली. डबीचं झाकण उघडून तिनं कवळी झटकली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. “आधी गार लागेल. घाला. अंगठ्यानं वर दाबा, दोन्ही बाजूंनी. हं.” बाबांनी पाठ फिरवली, तिच्याकडे बघत नाही असं करून कवळी बसवली, दात दोनदा एकमेकांवर वाजवले, आणि वळले. चेहरा परत आला होता. चौदा वर्षांपूर्वी दारात उभा होता तोच चेहरा, तेच लाल डोळे. “टोचते का कुठं?”

त्यांनी मान हलवली. नाही.

“कडी होती ते मी विचारत नाही. कडीचा आवाज मी ऐकलाय, आईनंही ऐकला होता. आम्ही दोघी गप्प बसलो, ते आमचं माप मी भरीन. मला एवढंच सांगा, बाबा.” तिनं त्यांच्या पुढ्यातला वाडगा बाजूला सरकवला, पेन्सिल उचलून आपल्या खिशात घातली. “दादानं दार वाजवलं, तेव्हा तुम्ही जागे होतात का?”